मांदेली बाधली की शिळी निघाली?

मागच्या महिन्यात एक मावशी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराचा चेहरा लालबुंद, अंगावर गांधी उठलेल्या, डोके ठणकत होते. "डॉक्टर, मांदेली बाधली. आता याला जन्मात मासे देणार नाही," मावशी म्हणाल्या. मी विचारले, "घरात आणखी कुणाला त्रास झाला?" तेव्हा कळले, सुनेचेही तोंड लाल झाले होते. मासळी सकाळच्या बाजारातून आणली, दिवसभर पिशवीतच राहिली आणि रात्री तळली.

मांदेली ही अँचोव्हीच्या कुळातली मासळी. शास्त्रीय नाव कोइलिया डुसुमिएरी. सोनेरी अंग, शेपटीकडे निमुळते होत गेलेले, लांबी फार तर वीतभर. पोटाच्या बाजूने मोत्यांसारखे ठिपके ओळीने असतात. ते प्रकाशाचे अवयव होत. महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यालगतचे उथळ पाणी आणि खाड्यांची मुखे हे तिचे घर. बारीक कोळंबी व तत्सम जीव हे तिचे खाद्य. आपले कोळी बांधव भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळी लावतात, त्यात बोंबील, जवळ्याबरोबर मांदेलीही सापडते.

अंग लहान व नाजूक असल्याने ही मासळी उन्हात लवकर खराब होते. बर्फ नसेल तर जिवाणू वाढतात आणि मासळीत हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजवून वा तळून नाहीसे होत नाही. त्यानेच अंग लाल होते, खाज सुटते, डोके दुखते. ही ॲलर्जी नव्हे, शिळ्या मासळीची विषबाधा आहे. एकाच ताटातले दोघे-तिघे आजारी पडले तर हाच संशय घ्यावा. उलट, ताजी मासळी खाऊनही दर वेळी एकालाच त्रास होत असेल तर ती ॲलर्जी असू शकते. त्याने मासळी बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली किंवा ओठ, जीभ सुजली तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

मावशींचा नातू औषधाने संध्याकाळपर्यंत बरा झाला. त्याचे मासे कायमचे तोडणे मात्र चुकीचे ठरले असते. बारीक मांदेली कुरकुरीत तळली की काट्यांसकट खाता येते, आणि काट्यांतून कॅल्शियम मिळते. वाढत्या मुलांना आणि बाळंतिणीला ते हवेच. अगदी लहान मुलांना मात्र काटे काढूनच द्यावे.

तेव्हा घेताना डोळे चकचकीत, कल्ले लाल व अंग घट्ट आहे ना, हे पाहावे. बर्फावरचीच घ्यावी, घरी येताच साफ करून थंड ठेवावी आणि त्याच दिवशी शिजवावी. वास आला तर पैशांकडे पाहू नये, सरळ टाकून द्यावी.