सशाच्या दोन प्रकारच्या लेंड्या

ससा रवंथ करत नाही, त्याचे जठरही एकच असते. गवतातले तंतू त्याच्या लहान आतड्यात पचत नाहीत. ते काम पुढे अंधनालेत होते. ही पिशवी जठराहून मोठी असते आणि तिथले जिवाणू चारा आंबवतात.

कडक लेंडी : गोल, कोरडी, तंतुमय. मोठे तंतू अंधनालेत न शिरता थेट बाहेर टाकले जातात. पिंजऱ्यात दिसते ती हीच.

मऊ लेंडी : गडद, ओलसर, उग्र वासाची, छोट्या द्राक्षांच्या घडासारखी. बारीक कण अंधनालेत आंबून ती तयार होते. बाहेर पडताच ससा ती थेट गुदद्वारातून तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. म्हणूनच ती सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. वरच्या बुळबुळीत आवरणामुळे आतले जिवाणू जठरातील आम्लातही काही तास टिकतात.

मिळते काय? जिवाणूंनी बनवलेली प्रथिने, ब गटातील जीवनसत्त्वे आणि के जीवनसत्त्व. कडक लेंडीपेक्षा प्रथिने कितीतरी अधिक, तंतू कमी.

नोंद : दोन्ही प्रकारांतला फरक फ्रेंच पशुवैद्य मोरो यांनी 1882 मध्ये नोंदवला.

पाळणाऱ्यांसाठी : मऊ लेंड्या वारंवार पडून राहिल्या, तर आहारात धान्य वा गोड जास्त आणि गवत कमी असू शकते. लठ्ठ किंवा पाठ दुखणाऱ्या सशाचे तोंडही गुदद्वारापर्यंत पोहोचत नाही. जुलाब मात्र वेगळे. पिल्लाला झाले तर ताबडतोब पशुवैद्य गाठावा.

महाराष्ट्राच्या माळरानावरचा रानससा वेगळ्या प्रजातीचा. तोही मऊ लेंड्या खातो.