१९ तारखेची दुपार

दुपारचे सव्वादोन वाजलेत. जळगावातल्या मेहरूणच्या एका गल्लीतलं हे कर सल्लागाराचं ऑफिस. सहा कॉम्प्युटर आहेत आणि त्यांतले चार बंद पडल्यातच जमा. मे महिन्याची १९ तारीख आहे. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीच्या थ्री-बीची मुदत उद्या संपते. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. एमआयडीसीतले चटईवाले, डाळमिलवाले, केळीची वाहतूक करणारे अशा साऱ्यांच्या फायली टेबलांवर उघड्या पडल्यात, आणि ज्या मशिनमध्ये सगळ्यांची खाती आहेत ते मशिनच बाकीच्या मशिनांना दिसत नाहीये.

मी माझी बिलं द्यायला आलोय आणि भिंतीकडेच्या बाकावर बसलोय. बाहेर तलावाच्या बाजूनं येणारा वारा भट्टीसारखा आहे. जळगावच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, त्यामुळे खिडकीतला कूलर सकाळपासून अखंड चालू आहे. त्याच्या आवाजावर आवाज चढवून सगळे एकमेकांना सल्ले देतायत.

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा हिशोब सांभाळणाऱ्या ताईंना म्हणतो, "विंडोज खराब झालीये ताई, फॉरमॅट मारा." नवीन लागलेला ट्रेनी म्हणतो, टॅलीचा डेटा रीराइट करू, मागच्या ऑफिसात तसंच करायचे. साहेबांचा पुण्यातला भाचा आयटीत आहे, तो फोनच्या स्पीकरवर आहे. त्याचं म्हणणं, स्विच आणि राउटर दोन मिनिटं बंद करून चालू करा. ते सकाळीच करून झालंय. सकाळी दोन मशिनं अडकली होती, तेव्हा सगळं बंद-चालू केल्यावर चार अडकली. ही गोष्ट ताई दोनदा सांगतात, पण कोणी तिकडे लक्ष देत नाही.

तेवढ्यात हार्डवेअरवाले काका येतात. पन्नाशी ओलांडलेले, डोक्याला पांढरा रुमाल, खांद्याला कापडी पिशवी. माठातलं पाणी पितात आणि चपला काढून ताईंच्या शेजारी स्टुलावर बसतात. कीबोर्डला हात लावत नाहीत.

"काय होऊ राह्यलं ताई?"

"टॅली लटकू राह्यली काका. मधीच डेटा सापडत नही म्हणते. नेटबी जातं."

"सगळ्याच मशिनवर?"

"हो, सगळ्याच."

"नीट पाहून सांग. घाई नही."

ताई उठून सहाही टेबलांवर जाऊन येतात. सगळ्या नाही. दोन नीट चालतायत, चार नाहीत. काका वहीच्या पानावर सहा चौकोन काढतात आणि चारांवर फुली मारतात. मग पुढचा प्रश्न. काल संध्याकाळी चालू होतं? होतं. मग काल संध्याकाळनंतर काय बदललं?

"काहीच नाही," तिघं-चौघं एकदम म्हणतात.

काका त्यावर वाद घालत नाहीत. सकाळी बंद-चालू केल्यावर दोनाचे चार झाले, हे ऐकल्यावर मात्र ते वहीतून मान वर काढतात. "हे महत्त्वाचं सांगितलं तू," म्हणतात.

इथं मला एक स्पष्ट लिहायचंय. सल्ला देणाऱ्यांतला कोणीच मूर्ख नव्हता. झेरॉक्सवाल्या पोरानं फॉरमॅट मारून बरी झालेली मशिनं पाहिलीत, ट्रेनीनं रीराइटनं उघडलेला डेटा पाहिलाय आणि भाच्याच्या कंपनीत स्विच बंद-चालू करून खरंच भागतं. प्रत्येकानं स्वतःच्या अनुभवातलं उत्तर आणलं. समोरच्या मशिनला काय होतंय हे मात्र कोणी विचारलं नाही. लक्षण विचारण्याआधी दिलेला सल्ला कितीही खरा असला तरी कामाचा नाही, आणि रीराइटसारखा असेल तर घातकही आहे. नेटवर्क तुटत असताना डेटा नव्यानं लिहायला घेतला आणि मधेच तार सुटली, तर वर्षभराच्या नोंदी अर्धवट राहू शकतात. म्हणून काकांचं पहिलं प्रत्यक्ष काम काय, तर डेटाच्या मशिनवरून पेनड्राइव्हवर बॅकअप घेणं. बॅकअप चालू असताना ते कोणाला काहीच करू देत नाहीत.

मग ते फुली मारलेल्या एका मशिनवर बसतात, काळी खिडकी उघडतात आणि आयपीकॉन्फिग टाइप करतात. पत्ता येतो १९२.१६८.०.१०३. शेजारच्या चालू मशिनवर तेच. तिथं येतो १९२.१६८.१.२४. डेटाच्या मशिनचा पत्ता कायमचा ठरवून दिलेला आहे, १९२.१६८.१.१०.

"पाय," काका पोराला बोलावतात. "काय फरक दिसतो?"

पोरगा वाकून पाहतो. "इकडे शून्य, तिकडे एक."

"मग घरात दुसरा राउटर आहे. शोध."

आता कारण सांगतो, कारण ते छोट्या ऑफिसांत फार ठिकाणी घडतं. कॉम्प्युटर सुरू झाला की तो तारेवरून हाक देतो, मला पत्ता द्या. ऑफिसातला राउटर एक पत्ता देतो. १९२.१६८ ने सुरू होणारे हे पत्ते १९९० च्या दशकापासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेत, म्हणून जगभरच्या घराघरांत तेच दिसतात. पण त्याच तारेवर दुसरा राउटर आला तर हाकेला दोघंही ओ देतात आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता मशिन घेतं. एकाच प्लॉटिंगमध्ये दोन जणांनी आपापले घर नंबर वाटावेत तसं होतं. म्हणूनच बंद-चालू केल्यावर बिघाड वाढला. सगळ्या मशिनांनी पत्ता नव्यानं मागितला आणि आणखी दोन चुकीच्या बाजूला गेली.

दुसरा राउटर आतल्या खोलीत फायलींच्या रॅकमागे सापडतो. तिथं मोबाइलला वायफाय मिळत नव्हतं, म्हणून ऑफिसातल्या एकानं काल जाताना घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडला होता. चांगल्या हेतूनं केलेलं काम. तो बिचारा खाली मान घालून उभा आहे. काका त्याला एका शब्दानंही बोलत नाहीत. उलट शेजारी बसवून घेतात आणि तोच राउटर नीट कसा लावायचा ते दाखवतात. त्याच्या सेटिंगमध्ये जायचं, डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटायचं काम बंद करायचं, त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ असा मोकळा पत्ता द्यायचा आणि तार त्याच्या लॅनच्या भोकात ठेवायची. मग तो फक्त वायफाय पुरवतो, पत्ते वाटत नाही. मशिनांवर आयपीकॉन्फिग रिलीज आणि मग रिन्यू. एकेक मशिन योग्य पत्त्यावर येतं. टॅली उघडते. ताई लगेच खतावणीत शिरतात, कुणाशी बोलायलाही थांबत नाहीत.

पण चौथं मशिन पुन्हा जातं. पाच मिनिटं चालतं, तुटतं, परत जुळतं.

काका म्हणतात, हा दुसरा बिघाड आहे. एकाच वेळी दोन बिघाड असू शकतात हे मान्य करायला अनुभव लागतो. नाहीतर माणूस पहिल्याच निदानावर शंका घेतो आणि केलेलं सगळं उलटं करत बसतो. ते स्विचकडे जातात. त्या मशिनचा हिरवा दिवा लुकलुकत नाही, मधूनमधून चक्क विझतो. पिशवीतून तार तपासायचा डबा निघतो. त्याचे दोन भाग, तारेच्या दोन टोकांना एकेक. आठ दिवे एकामागून एक लागतात. सहावा लागतो, लागत नाही, लागतो.

तारेवर बोटं फिरवत पोरगा भिंतीच्या कडेनं जातो आणि कूलरपाशी थांबतो. कूलरच्या लोखंडी स्टँडचा पाय तारेवर आहे. पाण्यानं भरलेला कूलर, त्याची थरथर, खाली चपटी झालेली निळी तार. एप्रिलमध्ये कूलर बसवला तेव्हापासून ती दबत आली असणार.

ट्रेनी म्हणतो, तेवढा भाग कापून टेप मारू. काका नाही म्हणतात. या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ देऊन. पीळ दिल्यानं बाहेरचा विजेचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि दुसऱ्या टोकाला तो वजा करता येतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं टेलिफोनसाठी १८८१ मध्ये पेटंट घेतलेली ही कल्पना आज मेहरूणमधल्या या ऑफिसात जीएसटीचे आकडे वाहून नेते आहे. टेप मारलेल्या जोडाशी पीळ सुटतो, आणि कूलरच्या मोटारीशेजारी तर तो जोड नकोच.

नवीन तार भिंतीवर उंचावरून घेतली जाते. काका खाली बसून टोक सोलतात. वरचं निळं साल बोटभर निघतं आणि आतून रंग बाहेर येतात. ते पीळ उकलून तारा अंगठ्याखाली सपाट करतात आणि पोराला म्हणायला लावतात. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी विभागलेली असते, मधे निळी बसते. नवखा माणूस नेमका तिथं चुकतो, जोड्या सलग लावतो. दिवे तरीही आठच्या आठ लागतात आणि तार मात्र नीट चालत नाही. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही. टोकं एका रेषेत कापली जातात, पारदर्शक कनेक्टरमध्ये सरकवली जातात. काका तो उजेडाकडे धरतात आणि आठही तांब्याचे ठिपके पुढच्या भिंतीला टेकलेत का पाहतात. मग क्रिम्पिंग टूल दाबतात. दुसरं टोक पोरगा करतो. त्याचं पहिलं कनेक्टर वाया जातं, दुसरं बसतं. आठ दिवे ओळीनं लागतात.

डेटाच्या मशिनची कॅबिनेट बंद करताना काकांच्या बोटांना झिणझिण्या येतात. ते मीटर काढतात. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर नको, इथं एकोणीस दाखवतंय. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा उन्हानं कोरडा पडलाय. त्यात आता दोन बादल्या पाणी जातं, इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्यायचं ठरतं. खान्देशात उन्हाळ्यात जमीन सुकते, अर्थिंग कमजोर होतं, आणि पुढे जूनच्या पहिल्या गडगडाटात स्विचची भोकं जळतात. यावर कोणी फार बोलत नाही म्हणून मी लिहून ठेवतो.

चहा येतो. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते यानंतरचं. काका पोराला विचारतात, "तुझ्याकडे काय नवीन?"

पोरगा सांगतो, दुकानात नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११ चा. त्यावरून जुन्या मशिनमधलं बिनपासवर्डचं शेअर फोल्डर उघडतच नव्हतं. दोन दिवस डोकं लावलं. मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओत सुरक्षेचं सेटिंग बंद करा म्हणत होते. त्यानं ते केलं नाही. जुन्या मशिनवर वेगळा युझर केला, पासवर्ड दिला, लॅपटॉपवर तोच टाकला, आणि फोल्डर उघडलं.

काका वही काढून हे उतरवून घेतात. २०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून बिनपासवर्डच्या शेअरला मनाई झाली आहे आणि त्यात तथ्य आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस फाइल शेअरिंगच्याच जुन्या पद्धतीतल्या दोषाचा फायदा घेऊन एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर पसरला होता, ब्रिटनमधल्या अनेक सरकारी दवाखान्यांचं कामकाज त्यानं ठप्प केलं होतं. पन्नाशीतल्या माणसानं विशीतल्या पोराकडून शिकावं आणि तसं सगळ्यांदेखत वहीत लिहावं, याचं मला अप्रूप वाटतं. जळगावातली शेकडो छोटी ऑफिसं अशाच माणसांच्या जिवावर चालतात. त्यांचं ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात नाही, ते चहाच्या कपाबरोबर हातोहात जातं. त्याची किंमत आपण फक्त व्हिजिट चार्जमध्ये मोजतो.

पाचला दहा कमी आहेत. ताईंनी चटईवाल्यांचं रिटर्न भरून पावती काढली आहे, डाळमिलचं चालू आहे. काका एका कोऱ्या कागदावर लिहितायत: मुख्य राउटर १९२.१६८.१.१, दुसरा १९२.१६८.१.२, डेटा मशिन १९२.१६८.१.१०, कुठली तार कोणत्या टेबलाला जाते, शेवटचा बॅकअप कधी, आज काय बदललं. खाली तारीख. कागद स्विचशेजारी भिंतीवर चिकटवला जातो आणि तारांच्या दोन्ही टोकांना नंबराच्या चिठ्ठ्या लागतात.

तुमच्या ऑफिसात, दुकानात, शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत असा कागद नसेल तर या आठवड्यात लावा. आणि पुढच्या वेळी दुरुस्तीला माणूस आला, की त्याला आधी एवढं सांगा: काय चालतंय, काय चालत नाही, आणि कालपासून काय बदललं.