शिळ्या पावाला वाफ

गिरगावात, दादरला किंवा परळ-लालबागच्या गल्लीत लादी पाव कुणी माणशी मोजून घेत नाही. सहा-आठ पावांची लादी घरी येते, रात्री उसळीबरोबर किंवा भाजीबरोबर चार-पाच पाव संपतात आणि दोन-तीन उरतात. सकाळी ते हाताला कडक लागतात आणि मग स्वयंपाकघरात दोन मते पडतात. आजी म्हणते, कांदा घालून फोडणी दे, नाश्ता होईल. घरातली तरुण मंडळी म्हणतात, शिळे खाऊ नये, टाकून दे.

दोन्ही बाजूंकडे थोडे थोडे खरे आहे. घोळ होतो तो एका शब्दामुळे. पावाच्या बाबतीत ‘शिळा’ आणि ‘बिघडलेला’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. शिळा पाव कडक असतो, पण खाण्यास सुरक्षित असतो. बिघडलेला पाव मात्र मऊ लुसलुशीत लागला, तरी पोटात जाऊ देण्याजोगा नसतो. हा फरक ओळखता आला, की काय शिजवायचे आणि काय टाकायचे याचा वाद उरत नाही.

कडक होणे म्हणजे वाळणे नव्हे

पाव कडक झाला की तो वाळला, असे आपण सहज म्हणतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त बुसिंगो यांनी १८५२ मध्येच दाखवून दिले, की पावातले पाणी अजिबात उडू दिले नाही, तरी तो शिळा होतोच. तोच पाव पुन्हा तापवला, तर तो मऊ पडतो. पाणी गेले नसेल, तर मग बदलते काय?

उत्तर मैद्यातल्या स्टार्चमध्ये, म्हणजे पिठूळ घटकात आहे. स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन प्रकारचे रेणू असतात. भट्टीतल्या उष्णतेने स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची आतली शिस्तबद्ध रचना विस्कटते. पाव मऊ होतो तो यामुळे. भट्टीतून बाहेर आल्यावर उलटा प्रवास सुरू होतो. अमायलोजचे सरळ रेणू काही तासांतच एकमेकांना बिलगतात आणि पावाला आकार धरून ठेवता येतो. फांद्याफांद्यांचे अमायलोपेक्टिन मात्र सावकाश, पुढचे काही दिवस पुन्हा रांगेत बसत राहते. त्याचे बारीक स्फटिक होतात आणि पाव घट्ट होत जातो.

दिलासा असा, की अमायलोपेक्टिनचे हे स्फटिक साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास विरघळू लागतात. म्हणून तव्यावर झाकण ठेवून गरम केलेला पाव पुन्हा मऊ होतो. पण हा मऊपणा टिकाऊ नसतो. पाव गार झाला, की आधीपेक्षा लवकर कडक होतो.

इराण्याच्या हॉटेलातल्या ब्रुन पावाची तऱ्हा थोडी वेगळी. त्याचे वरचे कवच कोरडे आणि आतला भाग ओलसर असतो. रात्रभरात आतला ओलावा कवचात झिरपतो. त्यामुळे कुरकुरीत कवच चिवट होते आणि आतला भाग घट्ट होतो. अशा पावाला वाफ देण्यापेक्षा कापून तव्यावर कोरडे भाजणे बरे.

फ्रिज की डबा?

उरलेले सगळे फ्रिजमध्ये, ही शहरी घरांची सवय. पावाच्या बाबतीत तिची किंमत मोजावी लागते. गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानाला, म्हणजे नेमक्या फ्रिजच्या थंडाव्यात, स्टार्चचे स्फटिक सर्वांत वेगाने बनतात. म्हणून फ्रिजमधला पाव ओट्यावरच्या डब्यातल्या पावापेक्षा लवकर कडक होतो.

मग फ्रिज वाईटच का? तसेही नाही. थंडीत बुरशीची वाढ मंदावते आणि मुंबईच्या पावसाळी दमट हवेत हा फायदा मोठा आहे. साधा हिशेब असा: पाव दुसऱ्या दिवशी सकाळीच वापरायचा असेल, तर स्वच्छ फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात बाहेर ठेवावा. दोन-तीन दिवस लागणार नसेल, तर पिशवीतली हवा काढून, घट्ट बांधून सरळ फ्रीझरमध्ये टाकावा. उणे १८ अंशांना शिळे होण्याची क्रिया जवळजवळ थांबते. फ्रीझरमधला पाव बाहेर काढून ताटकळत ठेवण्याची गरज नसते. पाण्याचा हात लावून तो झाकणाखाली गरम तव्यावर ठेवता येतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात राहिलेला कडक पावही वाया जात नाही. बुरशी नसेल, तर तो फोडणीला चालतो.

हा मात्र टाकायचाच

लादी पाव बहुतेक वेळा सुटा मिळतो. त्यावर तारीख छापलेली नसते, त्यामुळे परीक्षा डोळ्यांनी, नाकाने आणि बोटांनीच करावी लागते.

पहिला शत्रू बुरशी. हिरवट, पांढरा किंवा काळा ठिपका दिसला, की अनेक घरांत तेवढा भाग खुडून उरलेला पाव वापरतात. ही सवय सोडायला हवी. दिसतो तो ठिपका म्हणजे बुरशीचा पिकलेला भाग. तिचे बारीक तंतू पावाच्या सच्छिद्र अंगात आधीच दूरवर पसरलेले असू शकतात. काही बुरशी विषारी द्रव्ये तयार करतात आणि त्यातली बरीच तव्यावरच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. लादीतले पाव एकमेकांना चिकटलेले असतात. म्हणून एकावर बुरशी दिसली, तर सगळी लादी टाकावी. बुरशीचा पाव नाकाशी नेऊन हुंगू नये. तिचे बीजाणू श्वासात जातात आणि दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो.

दुसरा शत्रू कमी ओळखीचा, पण उष्ण-दमट हवेत हमखास संधी साधणारा. पिठात बॅसिलस गटातील जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. भाजताना पावाच्या गाभ्याचे तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे ते तग धरतात. नंतर गरम हवेत ते वाढतात आणि पावाचा आतला भाग चिकट होतो. पाव तोडला, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा निघतात. अतिपिकलेल्या खरबुजाची आठवण करून देणारा गोडसर वास येतो. वरून पाव चांगला दिसत असला, तरी असा वास किंवा अशी तार आली, तर तो टाकावा.

रस्सा, चटणी किंवा भाजी लागलेला पाव रात्रभर बाहेर ठेवून सकाळी वापरू नये. ओलावा वाढला, की जिवाणूंना रान मोकळे होते. उरलेल्या भातालाही पावाचा नियम लावता येत नाही. भात ओला असतो. तो रात्रभर बाहेर राहिला, तर बॅसिलस सेरियस हा जिवाणू त्यात उलट्या करवणारे विष तयार करू शकतो आणि सकाळच्या फोडणीने ते विष जात नाही. भात रात्रीच फ्रिजमध्ये जायला हवा.

फोडणीचा पाव: कृती आणि कारण

शिळ्या पावाचे पदार्थ जिथे पाव आहे तिथे आहेत. दूध-अंड्यात भिजवून तळलेल्या शिळ्या पावाला फ्रान्समध्ये ‘हरवलेला पाव’ अशा अर्थाचे नाव आहे. पोर्तुगीजांबरोबर पाव गोव्यात आला. पुढे गोव्याहून आणि इराणहून आलेल्या मंडळींनी मुंबईत बेकऱ्या थाटल्या आणि गिरणगावात पाव उसळ-मिसळीचा सोबती झाला. मराठी घरांत शिळ्या पोळीचा कुस्करा होताच. तीच फोडणी पावालाही लागू पडली.

चार पावांना एक मोठा कांदा, वाटीभर मोड आलेली आणि वाफवलेली मटकी, मूठभर शेंगदाणे, दोन हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, मोहरी, हिंग, हळद आणि दोन चमचे तेल एवढे पुरते. पाव हाताने घासाएवढे तोडावेत. पाण्यात भिजवू नयेत. तेलात मोहरी तडतडली, की शेंगदाणे घालून खमंग परतावेत. मग हिंग, मिरची, कढीपत्ता आणि कांदा. कांदा पारदर्शक झाला, की हळद आणि मटकी. त्यावर पावाचे तुकडे घालून हलक्या हाताने परतावे, म्हणजे प्रत्येक तुकड्याला थोडे तेल लागते. शेवटी चार-पाच चमचे पाणी किंवा पातळ ताक शिंपडून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटे वाफ येऊ द्यावी. वरून लिंबू, कोथिंबीर आणि हवे असल्यास ओले खोबरे.

या कृतीतली कळीची पायरी वाफेची. झाकणाखाली तापमान ६० अंशांच्या सहज पुढे जाते, अमायलोपेक्टिनचे स्फटिक विरघळतात आणि शिंपडलेले पाणी आत शिरून पाव मऊ होतो. पाणी जास्त झाले, तर स्टार्च चिकट होऊन लगदा होतो. आधी लागलेले तेल हा चिकटपणा कमी करते. आदल्या दिवशीचा पाव इथे ताज्यापेक्षा सरस ठरतो, कारण त्याचा घट्टपणा तुकड्यांचा आकार टिकवतो. पदार्थ गरमच खावा. डब्यात न्यायचा असेल, तर ताक आणि कांदा थोडा जास्त घालावा, नाहीतर दुपारपर्यंत तुकडे चामट होतात.

दुसरा मार्ग बेसनाचा. ओवा, कांदा, कोथिंबीर घातलेल्या पातळ पिठात पावाचे काप बुडवून थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी नीट शिजेपर्यंत भाजावेत. अंडे खाणाऱ्यांना भुर्जीत पावाचे तुकडे परतता येतात.

मैद्याचा हिशेब

पाव मैद्याचा असतो. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकल्याने त्यात तंतू कमी असतात आणि तो रक्तातली साखर झपाट्याने वाढवतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे नाश्त्याच्या ताटलीत पाव किती आणि बाकी काय, हा प्रश्न घराघरांतला आहे.

शिळ्या पावाबद्दल एक गोष्ट अधूनमधून सांगितली जाते, की त्याने साखर कमी वाढते. त्यात तथ्य आहे, पण माफक. पुन्हा रांगेत बसलेल्या स्टार्चचा काही भाग आतड्यात पचायला अवघड असतो. त्याला रोधक स्टार्च म्हणतात. ब्रिटनमधील ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये १० निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात पांढरा पाव गोठवून, मग भाजून खाल्ल्यावर रक्तातली साखर ताज्या पावापेक्षा कमी वाढलेली आढळली. पण अभ्यास लहान होता आणि मैदा शेवटी मैदाच राहतो. शिळा पाव हे मधुमेहावरचे औषध नव्हे, आणि तेवढ्यासाठी दोनाचे चार पाव खाणे तर नव्हेच.

खरा फरक पडतो तो पावात घातलेल्या इतर जिनसांनी. मटकी, शेंगदाणे, बेसन, अंडे यांतून प्रथिने मिळतात. मटकी, कांदा आणि इतर भाज्यांतून तंतू. या दोहोंमुळे पचन सावकाश होते आणि भूकही लवकर लागत नाही. म्हणून पाव दोन आणि मटकी भरपूर, असे प्रमाण ठेवावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या वाट्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मीठ हातचे राखून घालावे. पावात ते आधीच असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाव भाजताना रंग सोनेरी ठेवावा. पिठूळ पदार्थ करपेपर्यंत भाजले, की त्यात ॲक्रिलामाइड हे नकोसे रसायन वाढते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून. कचराभूमीत गाडले गेलेले अन्न हवेशिवाय कुजते आणि मिथेन सोडते. त्यात आपल्या घरातले दोन पाव जाऊ नयेत, यासाठी सकाळी धावपळ करण्याची गरज नाही. रात्रीची भांडी आवरतानाच उरलेला पाव उद्याच्या डब्यात की फ्रीझरमध्ये, हे ठरवावे आणि मटकी वाफवून फ्रिजमध्ये ठेवावी. मग सकाळी उरते ती फक्त फोडणी.