मूल 'ढ' नसते!

एखादे मूल तोंडी हिशेब चटकन करते, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते. पण पुस्तक हाती दिले की अडखळते. त्याला आपण 'ढ' म्हणून मोकळे होतो. अशोककालीन ब्राह्मी लिपीपासून 'ढ' हे अक्षर फारसे बदलले नाही, म्हणून पुढे न सरकणाऱ्यास 'ढ' म्हणतात, असे सांगतात. परंतु या मुलाला 'डिस्लेक्सिया' असू शकतो. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड त्याच्या मेंदूत सहज बसत नाही. हा दोष बुद्धीचा नव्हे, आळसाचाही नव्हे.

मराठीत त्याच्या खुणा ठळक दिसतात. घ-ध, भ-म यांत गोंधळ होतो. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना आधी आणि उच्चारताना नंतर येते, तिथे मूल चुकते. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' यांत एकच 'र' तीन रूपे घेतो. पारनेरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातून अनेक कुटुंबे कामासाठी मुंबई-पुण्याकडे जातात, मुलांच्या शाळा बदलतात आणि अडचणीचे खापर त्यावरच फुटते. तिसरीनंतरही चुका टिकल्या तर आधी डोळे व कान तपासावेत, मग शिक्षकांशी बोलावे.

घरी करण्याजोगे उपाय आम्ही सुचवितो :

१) अक्षर पाहत, मोठ्याने म्हणत, ताटातल्या पिठात बोटाने गिरवावे.

२) एका दिवशी एकच जोडाक्षर फोड करून शिकवावे.

३) वाचताना ओळीखाली पट्टी धरावी.

४) थोरल्या भावंडाने धडा मोबाईलवर वाचून ठेवावा, मुलाने तो ऐकत पुस्तकात बोट फिरवावे.

५) रोज वीस मिनिटे पुरेत. उत्तर आधी तोंडी घ्यावे. चुकलेला शब्द शंभरदा लिहिण्याची शिक्षा नको.

डिस्लेक्सिया समूळ जात नाही, पण अशा सरावाने वाचन सुधारते.

मुलाची चाचणी त्याच्या भाषेत व्हावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची २०१५ सालची 'डाली' चाचणी मराठीतही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीला वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात वेळीच चौकशी करावी. दहावीच्या तोंडावर धावपळ नको.

शिक्षणाने काय पालटते, हे आपल्या समाजाला सांगायला नको. अक्षर अडले म्हणून एकाही मुलाची शाळा सुटू नये, एवढे तरी आपण सारे मिळून पाहू या.