परसातील कुक्कुटपालन व स्थानिक नियम : देवळी-वर्धा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
विदर्भातील ग्रामीण कुटुंबात घरामागील चार-दहा कोंबड्या हा शेतीपूरक उत्पन्नाचा जुना मार्ग आहे. अंडी घरच्या आहारात येतात आणि अडचणीच्या वेळी पक्षी विकून रोख पैसा हाती येतो. या व्यवसायावर प्रामुख्याने महिलांचे नियंत्रण असते. मात्र हेच खुराडे गावात असणे व शहरात असणे यांत कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो. देवळी येथे नगरपरिषद आहे, तर भोवतालच्या खेड्यांत ग्रामपंचायती आहेत. वर्धा नगरपरिषदेच्या हद्दीला लागून असलेल्या सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे) या वस्त्या दिसावयास शहरी असल्या, तरी त्यांचा कारभार ग्रामपंचायतीच्या चौकटीत वाढला. प्रस्तुत लेखात या फरकाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

घटनात्मक पार्श्वभूमी :
73 व्या घटनादुरुस्तीने (1992) जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत 'पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन' हा पंचायतींचा विषय म्हणून नमूद आहे. 74 व्या दुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र कुक्कुटपालनाचा उल्लेख नाही. तेथे सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, कोंडवाडे, प्राणिक्रौर्य प्रतिबंध आणि कत्तलखान्यांचे नियमन हे विषय आहेत. या सूचींमुळे अधिकार आपोआप मिळत नाहीत. ते राज्याच्या कायद्याने द्यावे लागतात. तथापि दृष्टिकोनातील भेद स्पष्ट होतो. गावात कोंबडी हा विकासाचा विषय ठरतो, तर शहरात तिचा विचार स्वच्छता व उपद्रव यांच्या अंगाने होतो.

राज्यस्तरीय कायदे :
देवळी व वर्धा या नगरपरिषदांना 1965 चा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम लागू आहे, तर ग्रामपंचायतींचा कारभार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. त्यामुळे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन भिन्न कायदे असू शकतात. ग्रामपंचायतीचे रूपांतर नगरपंचायतीत झाले की खुराडे जागेवरून न हलताही नियमांची चौकट बदलते.

समान बंधने :
काही बंधने हद्द पाहत नाहीत. सार्वजनिक उपद्रवाची तरतूद भारतीय न्याय संहिता, 2023 मध्ये असून ती गाव व शहर दोहोंना लागू आहे. बर्ड फ्लूचेही तसेच आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला प्रादुर्भाव आढळला, तेव्हा व्यावसायिक फार्मसोबत परसातील पक्षीही नष्ट करावे लागले. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्याने रोगाची माहिती देणे मालकावर बंधनकारक केले. परंतु ती ग्राम अधिकारी वा पंचायतीस द्यावी, अशी त्याची भाषा आहे. शहरातील पक्षीपालकाने कोणाकडे जावे, हे म्हणूनच स्थानिक पातळीवर स्पष्ट असणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
अमेरिकेतील अनेक उपनगरांत पक्ष्यांची कमाल संख्या, नर कोंबड्यास मनाई व खुराड्याचे शेजारच्या घरापासूनचे अंतर नियमांत लिहिलेले असते. हे नियम शेजारी गावांतही भिन्न असतात. पण पालकाला ते आधी वाचता येतात. येथे केवळ उपद्रवाच्या कलमावर विसंबल्यास निर्णय शेजाऱ्याच्या तक्रारीवर अवलंबून राहतो आणि त्याची झळ अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबास बसते. नगरपरिषद व लगतच्या ग्रामपंचायतींनी पक्ष्यांची संख्या, अंतर, विष्ठेची विल्हेवाट, मानमोडीचे लसीकरण व रोग कळविण्याचे ठिकाण याबाबत एकसारखे सुलभ उपविधी स्वीकारल्यास आरोग्य व उपजीविका या दोहोंचे रक्षण होईल.