ब्राउझरमधील एक्स्टेन्शन आणि शाळेचे दप्तर

शाळेचे दप्तर म्हणजे पूर्वी जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि त्यांवर राखण करणारे किल्लीबंद कपाट. आज त्यातील बराच भाग संगणकाच्या पडद्यावर गेला आहे. विद्यार्थ्यांची माहिती २०१५ पासून 'सरल' प्रणालीत भरली जाऊ लागली, यू-डायस प्लसवर नोंदी होतात, वेतन देयक 'शालार्थ'मधून निघते. ही कामे क्रोम, फायरफॉक्स, एज अशा ब्राउझरमधून चालतात. त्या ब्राउझरास जोडल्या जाणाऱ्या एका लहानशा वस्तूविषयी शिक्षकबंधुभगिनींस येथे सांगावयाचे आहे.

तिचे नाव एक्स्टेन्शन. ही एक छोटी आज्ञावली असून ती उघडलेल्या पानाचे रूप आपल्या सोयीप्रमाणे पालटते. अक्षर मोठे करते, पांढरी पार्श्वभूमी काळी करते, जाहिराती झाकते, रोमन लिपीत टंकलेले देवनागरीत उमटविते. रात्री उशिरापर्यंत माहिती भरीत बसणाऱ्या शिक्षकास तिचा उपयोग होतो, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु पान बदलावयाचे तर ते आधी वाचता आले पाहिजे. म्हणूनच अशी अनेक एक्स्टेन्शने बसविताना ब्राउझर विचारतो, की सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचण्याची व बदलण्याची मुभा द्यावयाची काय? आपण वाक्य पुरते न वाचता होकार देतो. शाळेच्या भिंतीस चुना देण्यासाठी आलेल्या माणसाच्या हाती कपाटाची किल्ली द्यावी, तसा हा प्रकार आहे. माणूस प्रामाणिक असेलही. किल्ली मात्र त्याच्याजवळ राहिली.

पत्त्यापुढे 'एचटीटीपीएस' ही अक्षरे असली म्हणजे भय नाही, असा समज आहे. ते संरक्षण आपला संगणक व दूरचे संकेतस्थळ यांमधील वाटेपुरते असते. एक्स्टेन्शन वाटेवर नसते, घरातच बसलेले असते. पडद्यावर उलगडलेली मुलाची जन्मतारीख, जात, पालकांचे नाव आणि आपण टंकलेला पासवर्डही त्यास वाचता येतो. ओटीपीचाही येथे पुरता आधार नाही, कारण ओटीपी देऊन आत गेल्यावरचे पानही त्याच्या नजरेखालीच असते.

ही केवळ कल्पना नव्हे. 'स्टायलिश' नावाचे एक्स्टेन्शन संकेतस्थळांचे रंगरूप बदलण्यासाठी लोक वर्षानुवर्षे वापरीत. २०१७ साली ते सिमिलरवेब या कंपनीकडे गेले. वापरणारा कोणकोणती पाने उघडतो याची नोंद ते बाहेर पाठविते, हे जुलै २०१८ मध्ये उघड झाले आणि क्रोम व फायरफॉक्स यांनी ते त्या वेळी आपापल्या भांडारांतून काढले. 'द ग्रेट सस्पेंडर'ची कथा अशीच. उघडी ठेवलेली पाने झोपवून संगणकाचा भार हलका करणारे हे उपयुक्त साधन २०२० मध्ये मूळ निर्मात्याने दुसऱ्यास विकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. सुमारे वीस लक्ष लोक ते वापरीत होते. त्यांनी नवे काहीच बसविले नव्हते! नवी आवृत्ती आपोआप उतरते. तिने अधिक परवानगी मागितल्यास ब्राउझर पुन्हा विचारतो खरा. परंतु पहिल्याच दिवशी सर्व काही देऊन टाकले असेल, तर विचारण्यासारखे उरतेच काय?

यास्तव पत्त्याच्या पट्टीच्या उजवीकडील कोड्याच्या तुकड्यासारखे चिन्ह दाबून कोणकोणती एक्स्टेन्शने बसली आहेत ते पाहावे. ज्यांचे प्रयोजन सांगता येत नाही ती काढून टाकावीत. राहिलेल्यांच्या तपशिलात जाऊन 'सर्व साइटवर' ही मुभा बदलून 'क्लिक केल्यावरच' अशी करावी. अक्षर मोठे करण्यास तर एक्स्टेन्शन लागतच नाही. कंट्रोल व अधिकचे चिन्ह एकत्र दाबले की पुरे. मराठी टंकनासाठी विंडोजच्या १० व ११ या आवृत्त्यांत उच्चारानुसारी कळफलक मुळातच दिलेला आहे. शाळेच्या कामासाठी क्रोममध्ये स्वतंत्र प्रोफाइल उघडून ते एक्स्टेन्शनविरहित ठेवावे, हे सर्वांत बरे.

आपल्यापैकी अनेकजण मुखेडच्या बाजारातील दुकानात बसून माहिती भरतात. रेंज व वीज यांचा भरवसा नसल्यावर दुसरे काय करणार? तेथे इन्कॉग्निटो खिडकी उघडावी. तीत एक्स्टेन्शने मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज चालत नाहीत. संगणकच बाधित असेल तर मात्र या खिडकीचा उपयोग नाही. संशय आल्यास त्याच यंत्रावर पासवर्ड बदलू नये. आधी बाहेर पडावे, मग दुसऱ्या संगणकावरून अथवा स्वतःच्या मोबाईलवरून तो बदलावा, आणि मुख्याध्यापकांस त्याच दिवशी कळवावे.