छोट्या गाडीवरची 'हॉटेलं'

चंद्रपूर-गडचिरोलीकडे 'हॉटेल' म्हणजे राहण्याची जागा नव्हे. बाकडे, भट्टी आणि काचेच्या कपाटात आलूबोंडे असलेले चहा-नाश्त्याचे दुकान. नागपूर ते नागभीड या अरुंदमापी रेल्वेमार्गावर उमरेड, भिवापूर, नागभीड अशा गावांत प्रवाशांच्या भुकेवर चालणारी दुकाने होती. रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर, त्यामुळे ही 'छोटी गाडी' संथ चाले आणि शंभरहून अधिक किलोमीटरच्या प्रवासात खायला भरपूर वेळ मिळे.

पदार्थ मोजकेच, पण चव पक्की. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री. बोंडाही कोरडा खायचा नाही, फोडून वर रस्सा ओतून घ्यायचा. तिखटासाठी भिवापुरी मिरची प्रसिद्ध. ती याच मार्गावरची. हिवाळ्यात कोवळा सांभार आला की सांभारवडी तळली जाई. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्यांना सांगावे लागते. लहान मुलांना तर्री झोंबे, म्हणून त्यांच्या वाट्याला आधी पोहे आणि शेव. तर्री पचवणे हे मोठे झाल्याचे लक्षण मानले जाई.

रुंदीकरणासाठी नोव्हेंबर 2019 मध्ये हा मार्ग बंद झाला आणि गाडीवर अवलंबून असलेल्या दुकानांचे गिऱ्हाईकच गेले. रुळांची, इंजिनांची नोंद रेल्वेकडे राहते. या दुकानांची कुठेच नाही. ज्यांच्याकडे जुने फोटो किंवा आठवणी असतील, त्यांनी गाव आणि सालासह त्या लिहून ठेवाव्यात.